वाचक विचारतात : दशमांश, गरीब निधी आणि सुईचं नाक

पैसा, श्रीमंती आणि गरिबांना मदत या विषयावर प्रश्न मागवले तेव्हा वाटलं होतं, धर्मशास्त्राच्या शंका येतील. आले ते बहुतेक हिशोबाचेच प्रश्न. बरंच झालं, पवित्र शास्त्रातही या विषयावर उपदेशाइतकीच मापं आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : सप्रेम सलाम. पगार कागदावर ३२,००० आहे, प्रॉव्हिडंट फंड वगैरे जाऊन हातात २८,००० येतात. दशमांश कशावर काढायचा? भावाच्या मुलीची शाळेची फी मी भरतो, ती यात धरता येईल का? पाळकसाहेब मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा आधार देऊन म्हणतात, दशमांश मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कोठारातच आला पाहिजे. (अहिल्यानगर)

आधी एक गैरसमज दूर करू. मोशेच्या नियमशास्त्रात दशमांश एकच नव्हता. एक लेवींचा, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाचा (गणना १८). एक सणाच्या वेळी देवाच्या निवासस्थानी नेऊन घरच्यांनी मिळून खाण्याचा (अनुवाद १४:२२–२७). हा भाग प्रवचनात सहसा येत नाही. आणि एक दर तिसऱ्या वर्षी गावच्या वेशीच्या आत साठवायचा, लेवी, उपरी, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून (अनुवाद १४:२८–२९). तिन्ही काढले जायचे ते धान्य, द्राक्षारस, तेल यांच्यावर. जनावरांचं माप वेगळं : मेंढपाळाच्या काठीखालून जाणारं प्रत्येक दहावं (लेवीय २७:३२). रोजंदारीवर दशमांश कुठेही सांगितलेला नाही.

मलाखीचं कोठार हे खरंखुरं धान्याचं कोठार होतं. त्याच सुमारास यहूदाचा सुभेदार नहेम्या यानं त्यावर चार माणसं नेमली, एक याजक, एक लेखक, एक लेवी आणि त्यांचा एक मदतनीस. कारणही दिलं आहे : ती विश्वासू समजली जात आणि आपल्या बांधवांना वाटून देणं हे त्यांचं काम होतं (नहेम्या १३:१३). म्हणजे कोठारात आणा असं सांगणाऱ्याला कोठारावर कोण बसलंय हे विचारण्यात अश्रद्धा काही नाही.

आता तुमचा आकडा. २८,००० वर काढा, २,८०० होतात. प्रॉव्हिडंट फंड हातात येईल तेव्हा त्यावर तेव्हा काढा. आज ३२,००० वर काढून पुढे पुन्हा काढलात तर एकाच पैशावर दोनदा होईल. यातले १,८०० मंडळीला आणि १,००० थेट गरजवंताला, अशी वाटणी आम्हाला योग्य वाटते. हे आमचं मत, नियमशास्त्र नव्हे. नव्या करारात प्रेषित पौल टक्का सांगतच नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जसं यश मिळालं असेल तसं त्यानं आपल्याजवळ बाजूला ठेवावं, एवढंच सांगतो (१ करिंथ १६:२).

पुतणीची फी दशमांशात धरू नका, पण दशमांशासाठी थांबवूही नका. आईबापांना द्यायचा पैसा 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर लावणाऱ्यांना येशूनं मार्क ७ मध्ये चांगलंच फटकारलं आहे. घरच्यांची तरतूद हे कर्तव्य, दान त्यानंतर.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ही अडचण हमखास येते : क्रेडिट कार्डावर ४०,००० थकले असतील आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर महिन्याचे १,४०० नुसते व्याजात जातात. तुमच्या दशमांशाचा बरोबर निम्मा. आधी ते मिटवा, तोवर चर्चमधल्या दानाच्या थाळीत शंभर रुपये टाका. कर्ज काढून दशमांश भरणाऱ्याची पाठ थोपटली जाते तिथे काहीतरी चुकतं आहे. देणगीच्या पाकिटावरची नावं आणि रकमा वर्षाच्या सभेत मोठ्यानं वाचण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. तिच्यामुळेच लोक कर्ज काढतात.

ज्यांचा पगार २,८०,००० आहे त्यांनी दहा टक्क्यांवर थांबू नये. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ऑक्सफर्डच्या एका मेथडिस्टाचा हिशोब सांगितला आहे : वर्षाला ३० पौंड मिळायचे तेव्हा २८ त जगून २ दिले, ६० झाले तरी २८ तच जगून ३२ दिले, ९० झाले तेव्हा ६२. तो माणूस वेस्लीच होता असं मानतात. खर्चाची रेघ एकदा आखली की टक्का आपोआप वाढत जातो, ही त्यातली युक्ती.

प्रश्न : सासूबाई मोबाइलवर एका प्रचारकाच्या सभा पाहतात. 'विश्वासाचं बी' म्हणून ५,००० पाठवा, शंभरपट परत येईल, असं ते सांगतात. आईंनी पेन्शनमधून तीनदा पाठवले. त्यांना कसं समजवावं? (नाशिक)

शंभरपटीचं वचन मार्क १०:३० मध्ये आहे. तिथली यादी पुरी वाचा : घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि त्याबरोबर छळ. शंभर आया मिळतील असा अर्थ कुणी घेत नाही, मग शंभर शेतांचाच का घ्यायचा? घरातून हाकललेल्याला मंडळीत नवी माणसं मिळतात, जेवायला ताट आणि पाठ टेकायला जागा मिळते, असं ते वचन आहे. 'बी'ला आधार म्हणून दाखवला जाणारा पौलाचा पेरणीचा दृष्टान्त (२ करिंथ ९) यरुशलेमेतल्या गरिबांसाठी चाललेल्या वर्गणीतला आहे. पौलानं ती वर्गणी स्वतःच्या नावावर घेतली नाही. ज्यांना तुम्ही पसंत कराल त्यांच्या हाती पत्र देऊन पाठवीन, असं त्यानं आधीच कळवलं होतं. 'बी पाठवा' हा व्यापार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रचारकांच्या रेडिओ-टीव्हीवरच्या सभांतून फोफावला आणि तिथून सगळीकडे पोचला.

सासूबाईंशी शास्त्रार्थ करू नका. तीन गोष्टी त्यांच्याबरोबर बसून शोधा : पावती आली का, पैसे ट्रस्टच्या खात्यात गेले की कुणाच्या खाजगी यूपीआयवर, आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशोब कुठे बघायला मिळतो. मग महिन्याची रक्कम त्यांनाच ठरवू द्या आणि ती त्यांच्या हातानं गल्लीतल्या कुणाच्या औषधांवर खर्च होऊ द्या. 'तुमची श्रद्धा आंधळी' असं चुकूनही म्हणू नका. परतफेड आली नाही की तो प्रचारक नेमकं हेच म्हणणार आहे, की तुमचा विश्वास कमी पडला.

प्रश्न : सिग्नलवरच्या मुलांना पैसे द्यावेत का? (ठाणे)

मुलांना रोख देऊ नका. मूल जितकं जास्त कमावेल तितकी त्याची शाळा लांब जाते. खायला द्या, आणि मूल एकटं, आजारी किंवा कुणाच्या धाकाखाली दिसलं तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करा. म्हाताऱ्या माणसाला द्यायचे तर देऊन टाका, चौकशी नको. पहिल्या-दुसऱ्या शतकातली 'डिडाखे' ही मंडळीची नियमपुस्तिका एकाच परिच्छेदात दोन्ही सांगते : मागेल त्याला दे, आणि कुणाला देतोस हे कळेपर्यंत दान तुझ्या हातात घामेजू दे. दोन्हींचा मेळ घालणं तिनं आपल्यावर सोडलं आहे.

प्रश्न : माझं पॅकेजिंगचं लहान युनिट आहे, १४ कामगार. नफा बरा होतो आणि श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, हा येशूचा उतारा वाचला की बेचैन व्हायला होतं. सुईचं नाक म्हणजे यरुशलेमेतलं एक छोटं दार, उंट ओझं उतरवून गुडघ्यांवर त्यातून जायचा, असं ऐकलं. खरं का? (अंधेरी)

नाही. त्या काळच्या यरुशलेमेत अशा नावाचं दार असल्याचा कसलाही पुरावा नाही. ही गोष्ट कितीतरी शतकांनी जन्माला आली. श्रीमंतांना ती आवडते, कारण गुडघे टेकले की प्रश्न मिटतो. येशू उंट म्हणाला तो उंटच आणि सुई म्हणाला ती सुईच. शिष्य थक्क झाले ते त्यामुळेच.

पण येशूनं सगळ्यांना एकच माप लावलं नाही हेही खरं. त्याच उताऱ्यातल्या तरुण श्रीमंताला सगळं विकायला सांगितलं. जक्कय नावाच्या जकातदारानं स्वतःहून अर्धं गरिबांना दिलं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत केलं. येशूनं तेवढ्यावर त्याच्या घराचं तारण जाहीर केलं. योहान्ना आणि सुसान्ना आपल्या पैशांतून शिष्यांचा खर्च चालवत (लूक ८:३), त्यांना कुणी काही विकायला लावलं नाही. जक्कयाचं गणित मात्र नीट पाहा. अर्धं दान आणि चौपट परतफेड ही दोन वेगळी खाती आहेत. दान केलं म्हणून लुबाडणूक माफ झाली नाही.

म्हणून तुमच्याकरता पहिला प्रश्न देणगीचा नाही, पगाराचा आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, असं लेवीय १९:१३ सांगतं; अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोब (५:४). तुमच्या युनिटमध्ये बघायच्या गोष्टी : महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत होतो का, ओव्हरटाइम दुप्पट दरानं लावला जातो का, ठेकेदाराकडून आलेल्या माणसांचा प्रॉव्हिडंट फंड खरंच भरला जातो का, की नुसता कापला जातो. हे शेवटचं ठेकेदाराच्या शब्दावर सोडू नका. त्याच्याकडून दर महिन्याचं चलन आणि नावांची यादी मागा, दोन कामगारांना मोबाइलवर पासबुक उघडायला सांगा. घरकामाची बाई चार दिवस आजारी पडली तर तिचे पैसे कापता का, तेही त्याच वहीत लिहा. हे सगळं सरळ झाल्यावर उरेल तो नफा, आणि दानाचा विचार त्यातून. बेचैनी पूर्ण जाईल असं आश्वासन आम्ही देत नाही. ती थोडी राहावी म्हणूनच तो उतारा आहे.

प्रश्न : 'गरीब सदोदित तुमच्याजवळ आहेत' असं येशूच म्हणतो. मग जगातलं दारिद्र्य हटवण्याच्या गप्पा ख्रिस्ती माणसानं कशाला माराव्यात? (पुणे, महाविद्यालयीन विद्यार्थी)

येशूनं अर्धं वाक्य उच्चारलं. ऐकणाऱ्यांना उरलेलं पाठ होतं. देशात दरिद्री असायचेच, म्हणून मी तुला आज्ञा करतो, आपली मूठ सैल सोड, असं अनुवाद १५:११ आहे. आणि तो अध्याय सुरू होतो तो दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्यानं.

लेवीय २५ त पन्नासाव्या, म्हणजे योबेल (ज्युबिली) वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. हे वाचताना लोक भावुक होतात आणि त्यातला व्यवहार निसटतो. पंधरा-सोळाव्या ओवीत किंमत काढायची रीत आहे : योबेल वर्षापर्यंत जितकी पिकं उरली असतील तितक्याचाच पैसा. म्हणजे विक्री जमिनीची नव्हेच, पिकांची. आपल्या भाषेत मुदतीचा खंड. घेणाऱ्याचं नुकसान नाही आणि देणाऱ्याची नातवंडं कायमची भूमिहीन नाहीत.

हीच कल्पना गरीब देशांच्या कर्जाला लावून ब्रिटनमध्ये 'ज्युबिली २०००' ही मोहीम उभी राहिली, बरीचशी चर्चमधून. १६ मे १९९८ ला बर्मिंगहॅममध्ये श्रीमंत राष्ट्रांच्या प्रमुखांची बैठक होती, तेव्हा सुमारे ७०,००० माणसांनी शहराभोवती साखळी धरली. जागतिक बँक आणि नाणेनिधीची कर्जमाफी योजना १९९६ त आलेली होती. या रेट्यामुळे १९९९ त ती वाढवली गेली. युगांडा तिचा पहिला लाभार्थी. त्या देशानं १९९७ त प्राथमिक शाळांची फी बंद केली होती, आणि वाचलेला हप्ता एका वेगळ्या दारिद्र्य निधीत टाकून शाळा, पाणी, दवाखान्यांवर लावला. वेगळं खातं हीच त्यातली महत्त्वाची गोष्ट, नाहीतर पैसा कुठे गेला ते कळलं नसतं.

बिनसलं कुठे, तेही बघा. सरकारांनी कर्ज सोडलं, खाजगी सावकारांवर ते बंधन नव्हतं. झांबियानं रुमानियाकडून ट्रॅक्टर वगैरेसाठी घेतलेलं जुनं कर्ज डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीनं सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतलं आणि साडेपाच कोटी मागितले; २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयानं दीड कोटीच्या आसपास देववले. माफीनंतर झांबियानं पुन्हा कर्जं उचलली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकला. लेवीय २५ मध्ये पुन्हा कर्जात पडलेल्या माणसाचीही तरतूद आहे, कारण तो पुन्हा पडणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. योबेल म्हणूनच एकदाच नव्हे, दर पन्नास वर्षांनी.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावरच्या पॅरिशमध्ये गरीब निधी आहे. पैसे जमतात, पण वाटप कसं होतं ते कुणालाच नीट माहीत नाही. डिसेंबरात निधी संपतो, जूनमध्ये लोक रिकाम्या हातानं परत जातात. नवी समिती आम्हाला नेमली आहे. कुठून सुरुवात करावी? (पालघर जिल्हा)

या प्रश्नाला जागा जास्त देतो, कारण याच दुखण्याची चार पत्रं आली आहेत.

वर्षाचं कॅलेंडर आधी मांडा. तुमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याच वेळी शाळा सुरू, आणि पावसामुळे गवंडीकाम ठप्प. गरज तेव्हा असते, देणाऱ्यांचा हात मात्र नाताळात सैल होतो. म्हणून डिसेंबरच्या जमेतले निदान चाळीस टक्के जूनसाठी वेगळ्या मुदत ठेवीत घाला आणि समितीला ते आधी मोडता येणार नाहीत असा ठराव करा. नाताळचा केक वाटला गेला नाही तर कुणी उपाशी राहत नाही.

खातं वेगळं, सह्या दोन, आणि दोघं एका घरातले नकोत. पौलानं वर्गणी नेताना बरोबर माणसं घेतली ती कुणी बोट ठेवू नये म्हणूनच (२ करिंथ ८:२०). रात्री अकराला दवाखान्याचा फोन येतो, त्यासाठी ३,००० पर्यंतची रोकड एका सदस्याकडे ठेवा. हिशोब तीन दिवसांत.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. घरात माणसं किती, कमावणारे किती, भाडं किती, कर्ज कुणाचं, रेशनकार्ड कोणतं. अर्जानंतर तीन दिवसांत दोघांनी घरी जायचं, त्यात एक बाई हवी. दोघांनी जाण्याची ही पद्धत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीनं १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाल्यापासून पाळली आहे, आणि तिची कारणं अगदी व्यवहारी आहेत : एकट्यावर आळ येतो, एकटा भुलतो, एकटा चिडतो. डबे उघडून बघायचे नाहीत. बसायचं, पाणी दिलं तर प्यायचं.

मग यादी. पहिल्या शतकातसुद्धा यादी होती. विधवांना नोंदवण्याची अट साठ वर्षं आणि नातेवाईक सांभाळत असतील तर त्यांनीच सांभाळावं, असं १ तीमथ्य ५ सांगतं. इ.स. २५१ मध्ये रोमच्या मंडळीच्या यादीत दीड हजारांवर विधवा आणि गरजू होते, हे त्या वेळच्या बिशपांच्या पत्रात आलं आहे. तुमच्या यादीत घराला क्रमांक द्या. सर्वसाधारण सभेत क्रमांक आणि रक्कम वाचा, नाव नको. फोटो तर नकोच. धान्याची पिशवी घेताना काढलेला फोटो त्या घरच्या मुलाच्या वर्गात पोचतो.

देण्याआधी सरकारचं काय मिळतं ते भरून घ्या. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मोफत आहे, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो. आई आणि दोन मुलं असतील तर १५ किलो गहू-तांदूळ घरात येतो. त्यावर तुम्ही आणखी १० किलो तांदूळ दिलात तर तो दुकानात विकला जाईल, आणि मग 'हे लोक असेच' म्हणायला आपण मोकळे. त्या घराला महिन्याला लागतं ते ३ किलो तूरडाळ, २ लिटर तेल, साखर, चहा, तिखट, साबण आणि गॅस. विधवा, निराधार असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करून द्या. दरमहा १,५०० मिळतात. अर्ज अडतो तो उत्पन्नाच्या दाखल्यावर, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यातल्या नावाच्या फरकावर, आणि बँक खातं आधारला जोडलेलं नसतं म्हणून. सुरू झालेलं अनुदान बंद पडतं ते हयातीचा दाखला वेळेत न दिल्यामुळे. समितीतल्या एकानं एवढंच काम घेतलं तरी निधीवरचा भार हलका होईल. मोठ्या आजारात, धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. दाखल होतानाच तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. बिल झाल्यावर धावपळ केली तर उशीर झालेला असतो.

फी शाळेत आणि बिल दवाखान्यात थेट भरा. रोजच्या खर्चाला मात्र पैसेच द्या, घरच्या बाईच्या हातात. कोणती डाळ घ्यायची हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. नवरा पिणारा असेल तर तिच्या एकटीच्या खात्यात. प्रत्येक मदत तीन महिन्यांची. मग पुन्हा भेट, पुन्हा निर्णय. मुदत न घातल्यामुळे एकच घर आठ वर्षं यादीत राहतं आणि शेजारचं कधीच येत नाही.

राहिलं कर्ज. निधीतून कर्ज देऊ नका. शिवणयंत्रासाठी दहा हजार दिले, बाईचे चार हप्ते आले, पाचवा चुकला, की ती मिस्साला यायची बंद होते. पैसे गेले ते गेले, माणूसही गेलं. मदत ही मदत आणि कर्ज हे कर्ज. त्यासाठी दार वेगळं हवं. जर्मनीत रायफायझेन नावाच्या श्रद्धाळू प्रॉटेस्टंट नगराध्यक्षानं १८४६–४७ च्या दुष्काळात आधी धनिकांच्या पैशातून भाकरीची सोसायटी काढून पाहिली. धनिकांचा उत्साह टिकत नाही हे कळलं, तेव्हा १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांचीच पतसंस्था काढली : एकाच परिसरातले सभासद, एकमेकांची जबाबदारी. तोच नमुना समोर ठेवून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा भारतात आला, आणि आपल्या गावोगावच्या सोसायट्या त्याच्याच वंशातल्या. तुमच्या शेजारी, वसईत, १९१८ मध्ये कॅथलिकांनी सुरू केलेली पतसंस्था पुढे मोठी बँक झाली. चर्चच्या निधीला सावकार करण्यापेक्षा अशा संस्थेत त्या बाईचं खातं उघडून द्या आणि जामीन राहा.

आणि जमा वाढवायची तर मिझोराममधल्या बायकांची रीत बघा. स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, ठरल्या दिवशी डबा चर्चमध्ये रिता करायचा. शंभराहून अधिक वर्षं हे चाललं आहे. आपल्याकडे मुष्टिफंडावर वसतिगृहं उभी राहिली आहेत, त्यामुळे हे नव्यानं शिकवावं लागणार नाही. ज्याचं नाव यादीत आहे त्याच्या घरातलीही मूठ डब्यात पडू द्या. तो नुसता घेणारा राहत नाही.

प्रश्न : मी हिंदू आहे. गावात एका ख्रिस्ती संस्थेनं बायकांसाठी शिवणवर्ग काढला आहे. बायको जाते. शेजारी म्हणतात, उद्या मशीनच्या बदल्यात धर्म मागतील. तुमचं स्वतःचं यावर काय म्हणणं? (सांगली जिल्हा)

मागत असतील तर ते चूक आहे, कायद्याआधी शुभवर्तमानाच्याच मापानं. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्यानं रस्त्यावर पडलेल्याला जात विचारली नाही, बरा झाल्यावर सभास्थानातही बोलावलं नाही. खानावळवाल्याला दोन दीनार दिले आणि जास्त लागले तर परतताना देतो म्हणाला.

शंका येण्याजोगा इतिहास मात्र आहे. 'तांदळाचे ख्रिस्ती', म्हणजे धान्यासाठी धर्म बदललेले, हा शब्द मिशनऱ्यांच्याच लिखाणात सापडतो. १८७६–७८ च्या दुष्काळात ओंगोलचे (आजच्या आंध्र प्रदेशातल्या) अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाउ यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांनी फुकट वाटप करण्याऐवजी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचा ठेका घेतला आणि लोकांना रोजगार दिला. बाप्तिस्मा मागणारे रांगेत होते, तरी दुष्काळ संपेपर्यंत त्यांनी कुणालाही बाप्तिस्मा दिला नाही. भुकेनं आलेत की विश्वासानं, हे भूक असेपर्यंत कळणार नाही म्हणून. धान्य मिळायला लागल्यावर, ३ जुलै १८७८ या एका दिवशी, २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरही वाद घालता येतो, पण मदत आणि धर्म यांच्यात मुदतीची भिंत घालायची असते हे त्यांना कळत होतं.

तुम्ही चार गोष्टी बघा. वर्गाचे नियम लेखी आहेत का. प्रार्थनेला हजर राहण्याची अट आहे का. मशीन बायकोच्या नावानं आणि पावतीसह मिळतं का. वर्ग सोडला तर ते परत मागतात का. उत्तरं सरळ असतील तर बायकोला शिकू द्या. नसतील तर आधी संस्थेच्या विश्वस्तांना लेखी विचारा.

प्रश्न : मी मस्कतला नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीय. गावच्या मंडळीच्या गरीब निधीला महिन्याला पैसे पाठवायचे आहेत. लंडनचा माझा मोठा भाऊ, आता ब्रिटिश नागरिक, तोही भर घालीन म्हणतो. परकीय देणग्यांचा कायदा आडवा येईल का? (मस्कत)

तुमच्या पैशाला नाही, भावाच्या पैशाला हो. भारतीय नागरिकानं परदेशात कमावलेले पैसे स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत पाठवले तर ती परकीय देणगी ठरत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला माणूस परकीय स्रोत ठरतो, मग तो गावात जन्मलेला असो, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड असो. त्याचे पैसे घ्यायला ट्रस्टची एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी. आणि नोंदणी असली तरी ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून दुसऱ्या संस्थेला वळवताही येत नाहीत.

गावच्या मंडळीकडे नोंदणी नसेल तर भावानं तुमच्या खात्यात पैसे टाकून तुम्ही पुढे पाठवायचे, ही वाट कुणी सुचवेल. तिच्यानं जाऊ नका. अडकतील ते गावचे विश्वस्त. भावाला ज्या संस्थेची नोंदणी चालू आहे तिलाच द्यायला सांगा. तुम्ही पाठवताना मात्र दरवेळी स्वतःच्याच खात्यातून पाठवा, भावाबरोबरच्या संयुक्त खात्यातून नको, आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत पाळकसाहेबांकडे फाइलला लावून ठेवा. लेखापरीक्षक ती मागतात, आणि पाळकसाहेब ती मागायला संकोचतात.